एवढी कावीळ असताना आधी नळी का, थेट ऑपरेशन का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, दीड महिन्यापासून कावीळ, बिलिरुबिन (रक्तातला कावीळीचा आकडा) १९, आणि लिव्हरच्या तोंडाशी पित्तनलिकेत गाठ निघाली. सर्जन म्हणतात आधी तुंबलेलं पित्त काढायला नळी घालून कावीळ उतरवू, मग ४-६ आठवड्यांनी अर्ध्याहून जास्त लिव्हर काढायचं ऑपरेशन करू. पण काकांना स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती तेव्हा नळीबिळी काही न घालता आठवड्याभरात ऑपरेशन झालं होतं. मग बाबांनाच का थांबवताय, तोपर्यंत कॅन्सर पसरला तर?

मी लिव्हर आणि पित्तमार्गाची ऑपरेशनं गेली वीसेक वर्षं करतोय आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नातेवाईकाने विचारलाय, बरोबरच आहे, घरात कॅन्सर हा शब्द आला की एकेक दिवस जड जातो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी काकांचं. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी योग्यच केलं. पण काकांचा आणि बाबांचा आजार कावीळ सोडली तर वेगळा आहे. लिव्हरच्या उजव्या भागातून एक पित्तनलिका येते, डाव्यातून एक, लिव्हरच्या खालच्या अंगाला दोन्ही मिळतात आणि एकच नलिका होऊन आतड्यात उतरते. कराडला कृष्णा-कोयना मिळतात आणि पुढे एकच नदी वाहते तसं समजा. काकांची गाठ संगमाच्या बरीच खाली होती, म्हणजे पुढच्या एका नदीवर बंधारा. वरच्या दोन्ही नद्या तुंबल्या पण एकमेकींना जोडलेल्याच राहिल्या. बाबांची गाठ नेमकी संगमावर आहे. तिथे दोन्ही नद्या वेगवेगळ्या तुंबतात, गाठ वर सरकली तर त्यांच्या उपनद्याही एकमेकींपासून तुटतात, आणि एका बाजूचं पाणी सोडलं म्हणून दुसरी बाजू मोकळी होत नाही. या जागेच्या १३ पेशंटचं वर्णन १९६५ मध्ये क्लॅटस्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी केलं, म्हणून रिपोर्टवर कधीकधी क्लॅटस्किन ट्यूमर लिहिलेलं दिसतं.

दुसरा फरक ऑपरेशनचा, आणि खरं उत्तर इथेच आहे. काकांच्या ऑपरेशनमध्ये लिव्हरला हात लागत नाही. अडथळा निघाला, पित्त वाहायला लागलं, अख्खं लिव्हर शाबूत, कावीळ आपोआप उतरते. हॉलंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २०१० साली छापून आला, २०२ पेशंट, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आणि बिलिरुबिन साधारण १४-१५ पर्यंत. अर्ध्यांना आधी स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी आतली नळी, घालून मग ऑपरेशन, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन. गंभीर कॉम्प्लिकेशन्स स्टेंटवाल्यांमध्ये ७४ टक्के, थेट ऑपरेशनवाल्यांमध्ये ३९. तेव्हापासून खालच्या गाठीला कावीळ फार जास्त नसेल, इन्फेक्शन नसेल तर नळी न घालता ऑपरेशन करायचा कल आहे.

बाबांच्या गाठीला मात्र नुसती नलिका काढून भागत नाही. गाठ लिव्हरच्या आतल्या नलिकांमध्ये शिरलेली असते म्हणून त्या बाजूचं लिव्हर, मागचा छोटा कॉडेट लोब, बाहेरची नलिका आणि आसपासच्या लसिकाग्रंथी, सगळं एकत्र काढावं लागतं. उजवं लिव्हर म्हणजे एकूण लिव्हरचा साधारण दोन तृतीयांश भाग. ते काढलं तर उरतो एक तृतीयांश, आणि उजवीकडून आणखी पुढे जावं लागलं तर पाचवा हिस्साच उरतो. निरोगी माणूस पंचवीस-तीस टक्के लिव्हरवर निभावून नेतो, लिव्हर परत वाढतंही. पण दीड महिना पित्तात भिजलेलं लिव्हर तेवढ्यावर तग धरत नाही. त्याच्या पेशी सुजलेल्या असतात, रक्त गोठवणारे घटक नीट बनत नाहीत, जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते, किडनीवरही ताण आलेला असतो. असं लिव्हर दोन तृतीयांश कापलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बिलिरुबिन वाढायला लागतं, पोटात पाणी, पेशंट गुंगीत जायला लागतो, आणि त्या लिव्हर फेल्युअरला आपल्याकडे नेमका इलाज नाही. मी हे बघितलंय. ऑपरेशन टेबलावर सगळं छान झालं, गाठ पूर्ण निघाली, आणि बाराव्या दिवशी पेशंट गेला. या ऑपरेशनमध्ये जीव जाण्याचा धोका जगातल्या चांगल्या सेंटर्समध्येसुद्धा ५ ते १५ टक्क्यांच्या घरात आहे, आणि त्यातला मोठा वाटा उरलेलं लिव्हर न चालण्याचा आणि इन्फेक्शनचा.

म्हणून माझ्या पेशंटच्या घरच्यांना मी पहिल्या भेटीत एकच गोष्ट पक्की सांगतो: नळी बिलिरुबिनचा आकडा खाली आणायला घालत नाही, जे लिव्हर मागे ठेवायचंय ते ताजंतवानं करायला घालतो. एकदा हे समजलं की बाकीचे निर्णय त्यातूनच निघतात.

पहिला निर्णय, नळी कुठल्या बाजूला. उजवं काढायचं ठरलं तर नळी डावीकडे. काढून टाकायच्या बाजूला नळी घालून आकडा खाली येईलही, पण ठेवायचं लिव्हर तसंच पित्तात भिजत पडेल. दोन्हीकडे प्रत्येक वेळी घालायची गरज नसते, पण दुसऱ्या बाजूला इन्फेक्शन झालं किंवा आकडा उतरतच नसेल तर तिथेही घालावी लागते. आणि एखादी बाजू आधीच सुकून आकसली असेल, असं या आजारात होतं, तर तिथे नळी घालून हाती काही लागत नाही.

आता बाजू ठरवायची तर आधी नकाशा हवा. म्हणून सीटी आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, हे नळी घालण्याच्या आधी. हे वाक्य तुम्ही लिहून ठेवा आणि ओळखीत कुणालाही कावीळ झाली तर सांगा. नळी आत गेली की तुंबलेल्या नलिका रिकाम्या होऊन मिटतात, भिंतींना सूज येते, आणि मग गाठ नक्की कुठपर्यंत आहे, सूज कुठली आणि कॅन्सर कुठला हे कुणालाच धड सांगता येत नाही. माझ्याकडे एक शेतकरी बाई आल्या होत्या, साधारण पन्नाशीच्या, कावीळ दिसली म्हणून एका ठिकाणी फक्त सोनोग्राफी करून घाईत दुर्बिणीतून धातूचा जाळीदार स्टेंट बसवला होता. करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण ती जाळी काही आठवड्यांत नलिकेच्या भिंतीत रुतते, परत काढता येत नाही, आणि ती अशी वरपर्यंत गेली होती की जिथे नलिका कापून आतड्याला जोडायची तिथेच धातू. गाठ कदाचित निघण्यासारखी होती. त्या दिवशी त्यांच्या मुलाला समजावून सांगताना मला फार जड गेलं. म्हणून ऑपरेशन होणार की नाही हे ठरेपर्यंत संगमावर धातूचा स्टेंट नको, प्लास्टिकचा चालेल, तो बदलता येतो काढता येतो.

नळी घालायचे रस्ते दोन. एक तोंडातून दुर्बीण घालून खालून वर, म्हणजे ईआरसीपी. त्यात प्लास्टिक स्टेंट आत ठेवतात, किंवा बारीक नळी नाकातून बाहेर काढतात, तिला ईएनबीडी म्हणतात. दुसरा बरगड्यांमधून किंवा बेंबीच्या वरच्या भागातून सोनोग्राफीत बघत सुईने थेट लिव्हरमधल्या नलिकेत, म्हणजे पीटीबीडी, बाहेर पिशवी लागते. यात चांगलं कुठलं यावर आम्ही डॉक्टर लोक वर्षानुवर्षं वाद घालतोय. जपानमध्ये, जिथे या ऑपरेशनचा हात जगात सगळ्यात चांगला मानला जातो, नाकातली नळी पसंत करतात, कारण आतड्यातले जंतू फारसे वर चढत नाहीत आणि रोज किती पित्त आलं ते डोळ्यांना दिसतं. पेशंटला मात्र महिनाभर नाकात नळी नको वाटते, साहजिक आहे. आपल्याकडे संगमावरच्या गाठीला पीटीबीडी जास्त होतं, कारण हवी ती नलिका वरून नेमकी गाठता येते, खालून दुर्बिणीने तार चुकीच्या फांदीत जाऊ शकते.

हॉलंडच्याच डॉक्टरांनी या दोन रस्त्यांची थेट तुलना केली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ५४ पेशंट, २७ दुर्बिणीवाले, २७ पीटीबीडीवाले. अभ्यास मध्येच थांबवावा लागला कारण पीटीबीडीच्या गटात ११ जण गेले आणि दुसऱ्यात ३. नेटवर हे वाचून घाबरलेले लोक माझ्याकडे येतात म्हणून सांगतो, गंभीर कॉम्प्लिकेशन्स दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती, साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास, आणि पेशंट इतके थोडे की यावरून पीटीबीडी म्हणजे मृत्यू असा अर्थ कुणी काढत नाही. मी त्यातून घेतलेला धडा वेगळा आहे. कुठल्याही रस्त्याने जा, नळी घालणं ही किरकोळ गोष्ट नाही, ते ऑपरेशनाआधीचं एक ऑपरेशनच आहे, तेव्हा ज्या सेंटरमध्ये पुढचं मोठं ऑपरेशन होणार तिथेच, तिथल्या सर्जनशी बोलून, ज्याचा त्यात रोजचा हात आहे त्यानेच नळी घालावी. पीटीबीडीचा आणखी एक तोटा म्हणजे सुईच्या वाटेवर पुढे कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात, शंभरात पाचेक जणांत होतं, त्यामुळे आम्ही नळ्यांची संख्या कमीत कमी ठेवतो.

या सगळ्यात खरा शत्रू इन्फेक्शन. तुंबलेलं पित्त हात लागेपर्यंत बहुतेक वेळा स्वच्छ असतं. एकदा दुर्बीण किंवा सुई गेली, डाय (एक्स-रेत नलिका दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) सोडला, की जंतू आत. म्हणून दुर्बीणवाल्यांना आम्ही सांगतो ज्या फांदीत डाय सोडाल ती मोकळी करूनच बाहेर या. अर्धवट मोकळी केलेली फांदी म्हणजे दोन दिवसांत थंडी वाजून ताप. तो ताप साधा समजू नका, रात्री दोन वाजता आला तरी रात्री दोनलाच हॉस्पिटलला फोन करायचा, सकाळपर्यंत क्रोसिनवर काढायचं नाही. पित्तातलं इन्फेक्शन रक्तात उतरायला तासच पुरतात. आणि आपल्याकडे जंतू फार चिवट झालेत, नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत, म्हणून नळीतल्या पित्ताचं कल्चर करून ठेवतो, म्हणजे वेळ आली तर कुठलं औषध चालेल ते हाताशी असतं.

आता घरी काय बघायचं ते सांगतो, कारण हे ४-६ आठवडे तुम्हीच बाबांना सांभाळणार आहात. पहिल्या दिवशी पिशवीत येणारं पित्त काळपट हिरवं, जवळजवळ डांबरासारखं दिसेल. आठवड्या-दोन आठवड्यांत ते सोनेरी पिवळं व्हायला लागतं. मी राऊंडला गेलो की रिपोर्टच्या आधी पिशवी उजेडाकडे धरून बघतो, लिव्हर सावरतंय की नाही हे तो रंगच सांगतो. गढूळ, गाळासारखं, वास येणारं पित्त म्हणजे इन्फेक्शन. लाल दिसलं तर लगेच फोन. रोज किती मिली आलं ते वहीत लिहा, कालपर्यंत ४०० येत होतं आणि आज ५० वर आलं तर नळी चोंदली किंवा सरकली. ड्रेसिंगपाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा म्हणजे सरकली की कळेल. सलाईनने धुवायला सांगितलं असेल तर ५-१० मिली हळू ढकलायचं, जोर लावायचा नाही, आणि ओढून तर मुळीच बघायचं नाही.

एक गोष्ट ऐकून नातेवाईक दचकतात. पिशवीतलं पित्त फेकून न देता परत पोटात जायला हवं. दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पित्त बाहेर गेलं तर क्षार जातात, पाणी जातं, चरबी पचत नाही, व्हिटॅमिन के शोषलं जात नाही. म्हणून पित्त स्वच्छ असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर ते गाळून प्यायला देतात, किंवा नाकातल्या नळीने पोटात सोडतात. चवीला कारल्याच्या वर. एका पेशंटची बायको रोज सकाळी ते थंड करून मोसंबीच्या रसात घालायची, वर झाकण, हातात स्ट्रॉ, आणि नवरा डोळे मिटून एका दमात संपवायचा, मग लगेच गुळाचा खडा. तीन आठवड्यांत त्याचं वजन वाढलं होतं. जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, ओआरएस आणि सलाईनने भरून काढता येतं. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मात्र नक्की द्यायला हवं, कावीळ लांबली की रक्त गोठत नाही, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) बघूनच पुढचं पाऊल.

खाणं. बाबा जेवतात का, हे मी बिलिरुबिनइतक्याच आस्थेने विचारतो. कावीळ म्हणून घरचे तेल-तूप, डाळ, अंडं सगळं बंद करतात आणि उसाच्या रसावर ठेवतात. या कावीळीत ते पथ्य नको. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, डाळ, दही, अंडं-मासे चालत असतील तर तेही. रोज अर्धा तास चालणं. कावीळ उतरवायचं औषध नाकात टाकणारे, माळ घालणारे, मुळी देणारे यांच्याकडे जाऊ नका, एकदाही नको. बाबांचेही सुरुवातीचे काही दिवस कदाचित त्यातच गेले असतील, गावाकडे बहुतेकांचे जातात, त्याचा दोष कुणाला देत बसायचं नाही. पण खाजवून रात्रभर झोप नाही, लघवी हळदीच्या पाण्यासारखी आणि शौच शाडूच्या मातीसारखी पांढरट, ही लक्षणं एकत्र दिसली तर ती पित्त अडल्याची कावीळ, तिला सोनोग्राफीच लागते, हे घरोघरी माहीत व्हायला हवं.

किती दिवस थांबायचं? बिलिरुबिन २-३ च्या खाली यावं असं आम्ही बघतो. १९ वरून तिथे यायला महिना-दीड महिना लागतो. पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं, मग मंदावतं, आणि इथे घरचे घाबरतात की नळी बंद पडली. तसं नसतं, लांबलेल्या कावीळीत काही बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतं आणि ते अल्ब्युमिनच्याच चालीने, दोन-तीन आठवड्यांत निम्मं या हिशोबाने जातं. म्हणून पित्त सोनेरी येतंय, ताप नाही, भूक लागतेय, तर आकडा ५ वर थोडा रेंगाळला तरी मी काळजी करत नाही.

आणि हा काळ रिकामा जात नाही. उरणारं लिव्हर मोजल्यावर कमी भरलं, कावीळ झालेल्या लिव्हरला आम्ही ४० टक्क्यांच्या आसपास हवं धरतो, तर काढायच्या बाजूची पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर, आतून बंद करतात. मग त्या शिरेचं सगळं रक्त ठेवायच्या बाजूला वळतं आणि तीन-चार आठवड्यांत ती बाजू वाढते. पण तुंबलेलं लिव्हर नीट वाढत नाही, म्हणून आधी नळी, मग हे. शिवाय सीए १९-९ या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा नुसत्या कावीळीनेही चढतो, तो उतरल्यावर परत करायचा. आयजीजी-४ ही तपासणी झाली नसेल तर आवर्जून विचारा, हुबेहूब गाठीसारखा दिसणारा पण स्टिरॉइडने बरा होणारा एक आजार आहे.

पसरेल का याचं खरं उत्तर: हो, काही जणांमध्ये या महिन्यात आजार पुढे गेलेला दिसतो, ते मी लपवत नाही. पण ज्यांच्यात एका महिन्यात पोटभर पसरतो त्यांच्यात तो बहुधा आधीच सूक्ष्म रूपात पसरलेला होता आणि घाईच्या ऑपरेशनने ते वाचले नसते. उलट १९ बिलिरुबिनवर उजवं लिव्हर काढलं तर धोका या महिन्याच्या धोक्यापेक्षा बराच मोठा.

प्रत्येकाला नळी हवीच असंही नाही. डावं लिव्हर काढायचं असेल तर मागे मोठा उजवा भाग राहतो, तेव्हा कावीळ माफक असेल, ताप नसेल, पेशंट खातापिता असेल तर मी नळी न घालता ऑपरेशन केलेली आहेत. फ्रेंच आणि युरोपियन सेंटर्सच्या एकत्रित माहितीतही असंच दिसलं, उजवं मोठं ऑपरेशन असेल तर नळीचा फायदा आणि डावं असेल तर उलट नुकसान. ताप आलेला असेल, किडनी बिघडलेली असेल, किंवा पोर्टल व्हेन बंद करायची असेल तर मात्र वाद नाही, नळी लागतेच.

तेव्हा उद्या सर्जनना भेटाल तेव्हा हे विचारा: एमआरसीपी आणि सीटी नळीच्या आधीचे आहेत ना, कुठली बाजू काढणार, उरणारं लिव्हर किती टक्के, नळी त्याच बाजूला ना, आणि ती कोण घालणार. सगळ्या स्कॅनच्या सीडी, नुसते छापील रिपोर्ट नव्हे, एका पिशवीत बरोबर ठेवा. जनआरोग्य योजनेचं काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला नळीच्या आधीच विचारून घ्या, नंतर कागद जुळवताना दिवस जातात. नळी घातल्यावर तिसऱ्या दिवशीचा पिशवीचा रंग, किती मिली आणि बिलिरुबिन कळवा, मी बघून सांगतो.